वनाची घागर

१

सन ब्याण्णवच्या चैत्रातली गोष्ट. धुळ्याला देवपुरात, आपल्या घराच्या धाब्यावर, सुनंदाबाई बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालत होत्या. ज्वारीचं पीठ पहाटेच घाटून झालं होतं. बाजेवर जुनी साडी पसरली होती आणि ओल्या हातानं एकेक बिबडी थापणं चाललं होतं. एवढ्यासाठी त्यांनी शाळेत किरकोळ रजा टाकली होती. ऊन चढायच्या आत सगळं उरकायचं होतं.

खालून हाक आली. "सुनंदा! ए सुनंदा! हाई वाची दे वं बाई. पोस्टवाला दी गया."

शेजारच्या यशोदाबाई शिडी चढून वर आल्या. हातात जाड पाकीट होतं. सुनंदाबाईंनी पदराला हात पुसले आणि हिंदीतलं पत्र वाचून त्याचा अर्थ सांगितला. राजस्थानच्या सीमेवर ज्या चौकीत अभिमन कामी आला, तिथं फौजेनं युद्धसंग्रहालय उभारलं आहे. त्यात शहीद अभिमनच्या नावाची एक खोली आहे. वीरमातेनं येऊन ती पाहावी. सोबत एक माणूस आणता येईल.

"खोली? मन्हा अभिमनले खोली दिधी?"

"हो अक्का."

"परत वाच बरं. ते वीरमाता म्हने ना, ते."

सुनंदाबाईंनी परत वाचलं. मुलांना धडा वाचून दाखवावा तसं, आवाजात कुठंही खरखर न येऊ देता.

अभिमन आणि सुनंदाबाईंचा वना एकाच दिवशी भरती झाले होते, एकाच चौकीवर गेले होते. सत्त्याऐंशीच्या कार्तिकात घुसखोरांशी चकमक झाली, तीत अभिमन पडला. त्याला आणलं तेव्हा पांझरेला पूर यावा तशी माणसं लोटली. बंदुकांच्या फैरी झाडल्या, चौकाला त्याचं नाव दिलं. त्याच हिवाळ्यात, माघ महिन्यात, पाण्याचा टँकर वाळूच्या टेकाडावरून उलटला आणि त्याखाली वना सापडला. दोन जवान पेटी घेऊन आले आणि सही घेऊन गेले. गल्लीत लोक हळहळले, म्हणाले, "काय करता, टँकर उलटला."

दर पंधरा ऑगस्टला शाळेची मुलं रांगेत चालवत अभिमन चौकात न्यायचं काम सुनंदाबाईंकडे असे. 'अमर रहे' म्हणताना सगळ्यात खणखणीत आवाज त्यांचाच निघे.

"तूच चाल मन्हासंगे," यशोदाबाई म्हणाल्या. "तुले हिंदी येस. आनि वना बी तठेच व्हता ना, माय."

हे शेवटचं वाक्य त्यांनी फार मायेनं म्हटलं. सुनंदाबाईंना तेच जास्त लागलं. पाकिटात पास होता. त्यावर यशोदाबाईंच्या नावाखाली 'सहायक' एवढंच लिहिलेलं होतं.

रात्री जेवताना त्यांचे यजमान देवचंद म्हणाले, "जाऊन ये. पोरगं जिथं राहत होतं ती जागा तरी बघून ये. आणि परत आलीस की या आखाजीला त्याची घागर भरू. किती दिवस अशी ठेवायची?"

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खान्देशात घरच्या मेलेल्या माणसासाठी नवी घागर पाण्यानं भरतात. वर लहान मडकं, त्यावर खरबूज, आंबे, सांजोऱ्या ठेवतात. ते पाणी पोचलं की माणूस पितरांत बसतो, त्याचं भटकणं संपतं, असं म्हणतात. वना गेला त्या वर्षी देवचंदांनी घागर आणली होती. सुनंदाबाईंनी ती उचलून परसात पालथी घातली. "फौजेनं त्याला शहीद मानलं नाही ना? मग मी त्याला पितर मानणार नाही." तेव्हापासून हा विषय घरात निघाला की देवचंद उठून ओट्यावर जाऊन बसत.

"बघू," सुनंदाबाई म्हणाल्या, आणि ताटं उचलायला लागल्या.

२

जळगावहून एक गाडी, पुढं दुसरी, मग तिसरी, आणि शेवटी फौजेची जीप. चौकीवर त्यांच्या दिमतीला दिलेला हवालदार धनसिंग पिंपळनेरकडचा निघाला. यशोदाबाईंना हर्ष झाला.

"कथा ना शे रे भाऊ तू?"

"पिंपळनेरना, माय. तुम्हनी बोली ऐकी आनि पोट भरनं मन्हं."

संग्रहालय म्हणजे एक लांबट दालन होतं. दारात पकडून आणलेली, गोळ्यांनी चाळण झालेली जीप. आत काचेमागं रायफली, दुर्बिणी, शत्रूची पाण्याची बाटली, गोळी आरपार गेलेलं एक पितळी ताट. बाहेर उन्हाचा कल्लोळ होता, पण आत पाण्याच्या रांजणाजवळ असावा तसा गारवा होता. भिंतीवर संगमरवरी फळीत नावं कोरली होती. सुनंदाबाईंनी ती वरून खाली वाचली, मग खालून वर. वनाचं नाव नव्हतं. नसणार हे त्यांना ठाऊक होतंच.

दालनाच्या शेवटी अभिमनची खोली. पलंगावर ताणून बसवलेली चादर, मच्छरदाणी, खुंटीवर इस्त्रीचा गणवेश, फोटोला ताजा हार. तिपाईवर चहाचा ग्लास बशीनं झाकलेला होता, आणि बशीच्या कडेनं वाफ निघत होती.

"हाऊ चहा कोनले?" यशोदाबाईंनी विचारलं.

धनसिंगानं आवाज खाली आणला. "त्यालेच, माय. दोन टाइम. रातले तो पहारा देस. आमनी बठ्ठी पोरं मानतस. सकायले चादर चुरगायेल ऱ्हास, आम्ही रोज नीट करतस."

"तुम्ही स्वतः पाहिलंत का हो?" सुनंदाबाईंनी वर्गातल्या आवाजात विचारलं.

"बाई, मीही पहिल्यांदा हसलो होतो," तो शाळेतल्या मराठीवर आला. "मग हे बूट पाहिले."

पलंगाखाली काळे बूट जोडून ठेवले होते. आरशासारखं पॉलिश. धनसिंगानं एक उचलून दाखवला. "नवा जोड ठेवतो. थोड्या दिवसांत उजव्याची टोच, हे पुढचं टोक, झिजते. डाव्याला काही होत नाही."

यशोदाबाईंनी बूट हातात घेतला, कपाळाला लावला, आणि हुंदका देऊन छातीशी धरला.

सुनंदाबाईंची नजर त्या टोचेवरून हलेना. चामडं घासून पांढरं पडलं होतं, आतल्या बाजूला जरा तिरकं. दर वर्षी जूनमध्ये वनाला नवे बूट घ्यायचे आणि दिवाळीच्या आत उजव्याची टोच चांभाराकडे न्यायची. पोरगं उजवा पाय ओढत चालायचं. दुखणं नव्हतं, व्यंग नव्हतं, नुसती खोड. शाळेला निघालं की त्या दारातून ओरडायच्या, "पाय उचलून चाल रे, वना!"

अभिमन लहानपणापासून छाती काढून टाचा वाजवत चालायचा. गल्लीतली म्हातारी माणसं त्याला थट्टेनं 'फौजदार' म्हणायची.

३

दुपारी दोघींना संग्रहालयाला लागूनच असलेल्या खोलीत उतरवलं. यशोदाबाई खाटेवर आडव्या झाल्या, पण तोंड चालूच होतं.

"पाह्यं ना, सुनंदा? चहा, पलंग, बठ्ठं. घरमा त्यानी कधी गादी पाह्यी नही. मन्हा स्वप्नमा तो एक डाव बी नही ऊना, मी देवले शिव्या दिध्यात. आते समजनं. त्याले ड्यूटी शे, कसा ई?"

"झोपा अक्का. ऊन बाधेल."

त्या झोपल्या. सुनंदाबाई भिंतीला टेकून बसल्या आणि मनाशी हिशेब मांडू लागल्या. बूट काय, कोणीही घालत असेल. पोरं रात्री बाहेर जाताना तेच अडकवत असतील, सकाळी पॉलिश करून ठेवत असतील, आणि वरच्यांना गोष्ट सांगत असतील. टोच कोणाचीही झिजते. धुळ्याच्या शाळेत अशी दहा पोरं दाखवता आली असती.

बाहेर पान हलत नव्हतं. चौकी भर दुपारी सामसूम होती.

भिंतीपलीकडे पाऊल वाजलं. मग घासल्याचा आवाज. परत पाऊल, परत खर्र. संथपणे, लांबून चालून आलेल्या माणसासारखं.

यशोदाबाई घोरत होत्या. सुनंदाबाई उठल्या. पाहून टाकलं म्हणजे संपलं, असं स्वतःला सांगत त्या व्हरांड्यानं अभिमनच्या खोलीच्या खिडकीशी गेल्या. काच धुळीनं माखली होती. पलंग, मच्छरदाणी, ग्लास, सगळं सकाळसारखंच. खोलीत कोणी नव्हतं.

मग पलंगाची कड हळूच खाली दबली. ताणलेली चादर त्या जागी खोल गेली आणि तशीच राहिली. थकून आलेला माणूस आडवं व्हायच्या आधी घटकाभर बसतो, गुडघ्यांवर कोपरं टेकतो, खाली मान घालतो, तेवढं वजन.

सुनंदाबाईंना ओरडावंसं वाटलं नाही. भीती वाटली, पण तिच्याही आधी एक वेगळीच गोष्ट मनात उभी राहिली, आणि तिची त्यांना नंतर लाज वाटली. भिंतीवरच्या हारातल्या फोटोकडे पाहून त्यांच्या मनात आलं : तू ऊठ. ही जागा तुझी नाही.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी धनसिंगानं त्यांना सीमेवर नेलं. काटेरी तारांचं उंच कुंपण नजर पोचेल तिथपर्यंत गेलेलं. मचाणावर बंदूक घेतलेले जवान. थोडं पुढं गेलं की थांबवत, कागद बघत, मग सोडत. कुंपणाच्या अलीकडे वाळूचा एक रुंद पट्टा होता, सारवल्यासारखा सपाट.

"रोज संध्याकाळी ही वाळू ओढून सारखी करतो," धनसिंग म्हणाला. "रात्री कोणी आलं-गेलं तर पावलं उठतात. सकाळी तीच बघायची."

त्या दिवशीची पावलं अजून मोडली नव्हती. बुटांची एकच रांग. डावं पाऊल स्वच्छ. उजव्यामागं, टोचेपासून निघालेली, बोटभर रुंदीची चर. प्रत्येक उजव्या पावलामागं तीच. ओल्या पायानं न्हाणीतून आलेल्या पोराचे असेच ठसे सुनंदाबाईंनी आपल्या घराच्या फरशीवर वर्षानुवर्षं पुसले होते.

"कधीपासून आहे हे?" त्यांनी विचारलं.

"अभिमन कार्तिकात गेला. पावलं मात्र थंडी सरता सरता दिसायला लागली. माघ असेल."

यशोदाबाईंनी वाकून वाळूला हात लावला आणि तो कपाळी लावला. सुनंदाबाई रांगेच्या कडेनं चालत राहिल्या. एका जागी पावलं कुंपणाकडे पाठ करून वळली होती. तिथून चौकीचा रस्ता निघत होता, त्यापुढं स्टेशन, त्यापुढं मुलूख. तिथं वाळू खूप तुडवली गेली होती. कोणीतरी बराच वेळ या पायावरून त्या पायावर होत उभं असावं. मग रांग परत पहाऱ्याला लागली होती.

"इथं रोज थांबतो," धनसिंग म्हणाला. "पोरं म्हणतात, सुट्टी मागतो."

"मग द्या ना रे त्याले सुट्टी," यशोदाबाई म्हणाल्या.

"फौजनी सुट्टी जित्ता मानसले, माय. मरेल मानसले घरनाच देतस. आपलाकडे आखाजीले घागर भरतस ना? मन्ही माय सांगे, पानी पोचनं की मोकया व्हस."

"मी तं दरसाल भरस रे भाऊ! एक साल चुकाडं नही." यशोदाबाई अभिमानानं हसल्या. "तरी मन्हा पोऱ्या हिंडसच. देशमा जीव गुंतेल शे त्याना."

सुनंदाबाई मागं राहिल्या. ती दोघं पुढं गेल्यावर त्या तुडवलेल्या वाळूपाशी वाकल्या. आपण काय करतो आहोत हे कळत असूनही, ओठातल्या ओठात म्हणाल्या, "पाय उचलून चाल रे, वना."

५

निघायच्या दिवशी सकाळी जीप दारात उभी होती आणि धनसिंग कुंपणाकडून जवळजवळ पळतच आला.

"माय, आज नवल घडलं! पावलं आहेत, पण टोच घासलेली नाही. एकही नाही. परेडवर चालावं तशी उचलून टाकलेली पावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

यशोदाबाईंनी दोन्ही हात जोडले. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "माय ऊनी ना त्यानी! माय ऊनी म्हनीसन! सुनंदा, ऐकं ना तू? मन्हा पोऱ्यानी मन्हा मान ठेवा!"

आजूबाजूचे जवान पुढं झाले. एकेकानं येऊन यशोदाबाईंच्या पायांना हात लावला. एक जण सुनंदाबाईंच्याही पायांशी वाकत होता, त्याला कोणीतरी हळूच सांगितलं, या सोबत आल्या आहेत. तो ओशाळून हसला आणि नुसता नमस्कार करून मागं सरला.

सुनंदाबाईंच्या जिभेवर शब्द आले होते. पाऊल माझ्या पोराचं आहे. तुमचा केव्हाच मोकळा झाला, तुम्ही चार आखाज्या त्याला पाणी दिलं. हा पलंग, हा चहा, हे नमस्कार सगळं माझ्या वनाचं आहे. अर्ध्या वाक्यात काम झालं असतं.

पण गाडीत बसल्यावर त्यांनी पुढचा विचार केला. यशोदाबाईंना त्या चांगल्या ओळखून होत्या. ही बाई रागावणार नाही, भांडणार नाही. पोटभर रडेल, मग डोळे पुसून म्हणेल, 'माय वं, म्हनजे वना अजून हिंडस? चाल, आपन त्यानी घागर भरूत.' स्वतःच्या हातानं कुंभाराकडून घागर आणेल. वना सुटेल. वाळू सकाळी सपाट राहील, चादर नीट राहील, आणि चौकाला तरीही नाव अभिमनचंच असेल.

वाटेत यशोदाबाई म्हणाल्या, "गप कावं बसनी शे?"

"डोकं दुखतंय, अक्का."

त्या दिवसापासून सुनंदाबाईंना यशोदाबाईंचा राग येईनासा झाला. उलट त्या फार गोड बोलू लागल्या. यशोदाबाई गल्लीत बसून बायकांना बुटांची गोष्ट सांगत, तेव्हा सुनंदाबाई जवळ बसून ऐकत, आणि सगळ्यांना दिसेल असं हसत.

६

आखाजीच्या दिवशी गल्लीतल्या लिंबाला झोके बांधले होते. माहेरी आलेल्या मुली गाणी म्हणत होत्या. सुनंदाबाईंनी सकाळीच सांजोऱ्या तळल्या. देवचंदांनी नवी घागर आणून ठेवली होती, लहान मडकं, खरबूज, सगळं.

मधल्या खोलीच्या कोपऱ्यात घागरीखाली घालायला सुनंदाबाईंनी पांझरेची वाळू आणवली. पाटीभर पुरली असती. त्यांनी निम्मा कोपरा भरेल इतकी पसरली.

"एवढी वाळू कशाला?" देवचंदांनी विचारलं.

"घागर डळमळायला नको."

देवचंद समाधानानं हसले. इतक्या वर्षांनी बायको वळणावर आली होती. आंबे राहिले म्हणून ते पिशवी घेऊन बाहेर पडले. सुनंदाबाईंनी आडाचं पाणी शेंदून बादली घागरीशेजारी आणून ठेवली. तांब्या बादलीत सोडला.

भिंतीपलीकडून यशोदाबाईंनी विचारलं, "सुनंदा, मन्ही भरी झायी. तुन्ही व्हयनी का वं?"

"होतेच आहे, अक्का!"

त्यांनी तांब्या भरून घेतला. मुलींचं गाणं मध्येच थांबलं, झोक्याची दोरी करकरत राहिली. भर दुपारची ती शांतता त्यांना ओळखीची वाटली. दारातून पाऊल वाजलं. मग दुसरं. मध्ये खर्र झालं नाही. फार जपून, सांगितल्याप्रमाणे उचलून टाकलेली पावलं पाठीमागून आली आणि त्यांच्या बाजूनं पुढं गेली. दाराशी ऊन होतं, तरी दंडाला गार वारा लागून गेला.

सुनंदाबाईंनी मान वर केली नाही. खाली वाळू दिसत होती, तिच्यात रिकाम्या घागरीसमोर बुटांचे दोन ठसे उमटले. जोडलेले, सरळ, घागरीकडे तोंड करून. टोच घासलेली नव्हती. त्या पाहत असताना उजवा ठसा किंचित खोल गेला, मग डावा, मग परत उजवा. कोणीतरी या पायावरून त्या पायावर होत उभं होतं.

हातातला तांब्या भरलेला होता. घागर वीतभर अंतरावर होती.

"कुठवर आलं?" देवचंद ओट्यावरून विचारत होते. "पाणी घातलंस का?"

सुनंदाबाईंनी तांब्या परत बादलीत रिकामा केला. मग खाली बसून त्यांनी तळहातानं वाळू हळूहळू सारखी केली, तिकडे रोज संध्याकाळी करतात तशी, सकाळी पाऊल नीट उमटावं अशी. घागरीवर मडकं ठेवलं, मडक्यावर खरबूज ठेवलं. वरून कोणाला काही कळलं नसतं.

"घातलं," त्या म्हणाल्या.

देवचंदांनी येऊन आंबे ठेवले, हात जोडले आणि डोळे पुसले. त्या आखाजीलाही सुनंदाबाईंनी वनाची घागर भरली नाही.